आज न्यायला कोण?

मी एक चौकट बोलतेय. दाराची नव्हे, फोटोचीही नव्हे. पाळणाघराच्या टेबलावर एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यात मुलांच्या रोजच्या नोंदीचा फॉर्म उघडतो. त्या फॉर्मवर, बरंच खाली, एका घरातल्या घराच्या आतल्या घरात मी राहते. पांढरी, आडवी, दोन बोटं उंच. माझ्या शेजारी लिहिलंय, ‘आज न्यायला कोण’. संध्याकाळी मूल कुणाच्या हाती द्यायचं, ते माझ्यात लिहितात. मी रिकामी असले तर आईबाबांपैकी कुणीतरी येणार, असं समजायचं.

तुम्ही म्हणाल, एवढीशी चौकट, हिचं कसलं आलंय आत्मवृत्त. मलाही तसंच वाटत होतं. पण माझ्या मनात एक गोष्ट फार दिवस सलत होती, आणि तिला दुसरं चांगलं नाव शोधून सापडलं नाही. मत्सर. त्यापायी एका संध्याकाळी काय होता होता राहिलं, ते सांगून टाकलं की मी मोकळी.

मला केलं एका तरुण आईनं. पाळणाघरात सगळे तिला खारूची आई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. खारू तिची तीन वर्षांची मुलगी. पुढचे दोन दात मोठे, आणि मिळेल ती वस्तू खिशात दडवायची सवय, म्हणून खारू. तिची आई घरी बसून कुठल्याशा कंपनीचे प्रोग्राम लिहायची. पालकांच्या बैठकीत पाळणाघराच्या मोठ्या बाईंनी नोंदीची फाटकी वही दाखवली, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, “मी करून देते की फॉर्म.” आणि घरी पोचेपर्यंत ती पस्तावलीसुद्धा.

काळजी हा तिचा जोडधंदा होता. फॉर्म करायच्या आधी तिनं नियम लिहिला. ‘यादीत ज्याचं नाव असेल त्याच्याच हाती मूल द्यावं. समोरचा कितीही ओळखीचा वाटला तरी. मूल त्याच्याकडे धावत गेलं तरी.’ खाली दोन रेघा मारल्या. मोठ्या बाईंनी तो कागद दारावर चिकटवला. वाचून एक आजोबा म्हणाले, “हा नियम पाळणाघराचा आहे की तुरुंगाचा?” तिनं हसण्यावारी नेलं, पण घरी जाऊन नवऱ्याला चारदा विचारलं, जास्त झालं का रे.

एका रविवारी दुपारी, खारू गादीवर आडवी पसरलेली असताना, तिनं मला उचलून फॉर्मवर ठेवलं. कुठे, तर ‘नाव’च्या अगदी खाली. पहिले तीन दिवस मी फॉर्मची थेट मुलगी होते. हे मुद्दाम सांगते, कारण मत्सर काही आकाशातून पडत नाही. आधी काहीतरी हातात असावं लागतं.

चौथ्या दिवशी मोठ्या बाईंनी फॉर्म पाहिला. “छान आहे हो. पण गर्दी वाटते. एका प्रकारच्या गोष्टी एकत्र ठेवल्या तर?”

झालं. खारूच्या आईनं फॉर्मवर एक मोठं पॅनल, म्हणजे चौकटी ठेवायचा कप्पा, टाकलं. त्यात रेघेची एक पेटी काढली, तिच्यावर ‘घरी नेणे’ असं लिहिलं, आणि मला उचलून त्या पेटीत ठेवलं. बरोबर माझी धाकटी बहीण, ‘ओळख पाहिली’ नावाची छोटी चौकट. तिच्यात लिहीत नाहीत, नुसती खूण करतात. आम्ही तिला बारकी म्हणतो.

आता नात्याचा घोळ बघा. फॉर्मच्या पोटी पॅनल, पॅनलच्या पोटी पेटी, पेटीच्या पोटी आम्ही दोघी. म्हणजे फॉर्म आमचे पणजोबा. आणि काल माझ्या मांडीला मांडी लावून बसलेलं ते ‘नाव’ आजोबांचं सख्खं भावंड, म्हणून एका रात्रीत माझे चुलत आजोबा झाले. जन्म एकाच दुपारचा, पण मान मात्र आजोबाचा.

तरी नात्याचं मी मनाला लावून घेतलं नसतं. दुखलं ते फेरीमुळे.

एका मुलाची नोंद झाली की ‘नवीन’ हे बटण दाबायचं. मग कोडमधून एक फेरी निघते. प्रोग्राम लिहिणारे तिला लूप म्हणतात. ती फॉर्मच्या मुलांकडे एकेक करून जाते आणि प्रत्येकाला विचारते, तू लिहायची चौकट का? हो म्हटलं की आतलं सगळं पुसून त्याला लख्ख करते. खुणेची असेल तर खूण काढते. ‘नाव’ लख्ख, ‘वय’ लख्ख, ‘आईचा फोन’ लख्ख, ‘काय खायचं नाही’ लख्ख. मग ती आमच्या आजोबांच्या दाराशी येते. तू लिहायची चौकट का? आजोबा पॅनल, ते कसली लिहायची चौकट. ते नाही म्हणतात. फेरी बरं म्हणते आणि पुढे जाते. तुमच्या पोटात कुणी आहे का, हे ती विचारतच नाही. आजोबाही आपण होऊन सांगत नाहीत. विचारलं तेवढंच बोलायचं, ही आमच्या घराची रीत.

शेजारच्या घरी पाहुणे आलेले कधी भिंतीआडून ऐकलेत? चपला काढल्याचा आवाज, हसणं, पाण्याचे पेले. आणि आपण इकडे केस विंचरून बसलेलो, की आता आपल्याकडे येतील. मग पावलं आपल्या दारावरून पुढे जातात. दिवसातून बारा वेळा हे ऐकायचं. पाळणाघरात मुलं बारा आहेत.

‘नाव’चा मला सगळ्यांत जास्त राग. फॉर्म उघडला की ती लुकलुकणारी रेघ आधी त्याच्याकडे जाणार, फेरी आधी त्याच्याकडे येणार. शिवाय त्याला गर्वसुद्धा नाही. गर्व असता तर मला निदान रागवायला धड कारण मिळालं असतं.

बारकी म्हणायची, “अगं, ती पुसतेच ना फक्त. पुसून घ्यायला कसली हौस?”

“तुला नाही कळायचं,” मी म्हणायची. मलाही कळत नव्हतंच. पण मिळत नाही ते बघून झुरायला कळावं लागत नाही.

मला हाताने पुसणारं एक माणूस मात्र होतं. टेबलावरच्या ताई. सकाळी मुलं आली की नोंदी त्याच करायच्या. ‘नवीन’ दाबलं की त्या फॉर्म खाली सरकवायच्या, कारण जुन्या बुटक्या पडद्यावर आमची पेटी सरकवल्याशिवाय दिसत नाही. मग माझ्यातलं आधीचं नाव स्वतःच्या बोटाने खोडायच्या, बारकीची खूण काढायच्या, आणि पुटपुटायच्या, “ही राहतेच मेली.” आठ महिने, रोज. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. खारूची आई दर आठवड्याला विचारायची, “काही अडचण येते का हो? खरं सांगा.” ताई म्हणायच्या, “छे, एकदम झकास चाललंय.” मी आतून बघायची. तिचा चेहरा तेवढ्यापुरता उजळायचा, आणि लगेच तिला ताईंच्या ‘झकास’चीच काळजी लागायची.

टेबलाच्या मागे काच आहे, काचेपलीकडे मुलांची मोठी खोली. त्यामुळे मला दोन्हीकडचं दिसतं. रोज सकाळी खारूची आई दाराशी यायची, खारू तिचं बोट सोडायची, आणि काचेपलीकडे धाव. तिथे मावशी असायच्या.

मावशी म्हणजे मुलं सांभाळणाऱ्या. आवाज घोगरा, मांडी रुंद, एका वेळी तीन मुलं मावतात. मूल पडलं तर धावत जात नाहीत. जागेवरूनच म्हणतात, “फरशीला लागलं का बघ जरा.” मूल रडायचं विसरून फरशी बघतं.

पहिला महिनाभर खारू सकाळी इतकी रडायची की तिच्या आईचा खांदा ओला व्हायचा. तेव्हा ही ताईंना म्हणायची, “कधी रडायची थांबेल हो?” मग खारू थांबली, आणि हिला तेही सोसेना. हात हलवायला उचललेला असायचा, पण बघायला कुणी नसायचं. मग त्याच हाताने ती केस सारखे करायची.

“घरी काही केलं की म्हणते, मावशी असं नाही करत,” एकदा ती ताईंजवळ बोलली. “सफरचंदाची सालं काढली तर म्हणते, मावशी गोल गोल काढते. मी सरळ काढते ना.”

“मग तुम्ही पण काढा गोल,” ताई म्हणाल्या.

“काढून बघितली. मध्येच तुटतात.” ती हसली. पण जाता जाता काचेतून तिनं मावशींकडे असं काही पाहिलं, की मला वाटलं, ही तर माझीच. मी ‘नाव’कडे बघते ना, अगदी तशी.

मग तो दिवस उजाडला. ताईंची दाढ काढली होती, गाल टम्म सुजलेला. मोठ्या बाईंनी खारूच्या आईला फोन केला. “आज तुम्हीच बसाल का टेबलावर? फॉर्म तुमचाच, तुम्हाला काय शिकवायचं.”

ती आली. मावशींनी काचेआडून डोकं काढून बजावलं, “एक करा. दिवसभर आत येऊ नका. तुम्ही आलात की ही रडेल, आणि ही रडली की बाकीचे अकरा मागे राहायचे नाहीत. काचेजवळ आली तरी बघायचं नाही. कामात आहात असं दाखवायचं.”

“दाखवते,” ती म्हणाली. आणि दाखवायचं म्हणून इतक्या जोरात टाइप करायला लागली, की ‘वय’च्या चौकटीत तीनच्या जागी तेहतीस पडलं.

नोंदी भराभर होत होत्या. तोवर आलेल्या सगळ्यांचे नेहमीचेच येणार होते, त्यामुळे खाली सरकवून माझ्याकडे यायचं कुणाला कारण नव्हतं. शेवटून दुसरा गोट्या आला, नेहमीप्रमाणे उशिरा. त्याची आई एका हाताने त्याचे बूट काढत म्हणाली, “आज आत्या येईल हं न्यायला. उंच आहे, चष्मा आहे. हे तिचं ओळखपत्र, फोनवर फोटो आहे, बघून घ्या. मी पळते.”

खारूच्या आईनं फोटो नीट पाहिला. फॉर्म खाली सरकवला, माझ्यात लिहिलं, ‘आत्या’. बारकीवर खूण केली. नोंद जतन केली, फॉर्म वर नेला, ‘नवीन’ दाबलं. फेरी निघाली. ‘नाव’ लख्ख, ‘वय’ लख्ख, सगळं लख्ख. आमच्या आजोबांना विचारून पुढे गेली.

आता एकच मूल राहिलं होतं, तिचं स्वतःचं. तिनं वर खारूचं नाव घातलं, वय घातलं, स्वतःचा फोन घातला. खाली सरकवून बघितलंच नाही. माझ्या मुलीला मीच नेणार, त्यात लिहायचं काय, असं तिला वाटलं असणार. नोंद जतन झाली. बरोबर मीही गेले, ‘आत्या’ पोटात घेऊन. आणि बारकी तिच्या खुणेसकट.

एक गोष्ट कबूल करते. मला हात नाहीत, ‘आत्या’ मी स्वतः खोडू शकले नसते. पण हात असते तरी खोडलं असतं का? खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. वरच्या सगळ्यांचं पुसलं गेलं होतं, माझ्याजवळ मात्र काहीतरी राहिलं होतं. बारकी म्हणाली, “अगं, हे खारूचं नाहीये.” मी म्हटलं, “गप्प बस. आपल्याकडे कधी काही राहतं का? राहू दे की.”

दिवसभरात खारू दोनदा काचेपाशी आली. पहिल्यांदा नाक काचेला लावून उभी राहिली. दुसऱ्यांदा तिनं खिशातून एक लाल ठोकळा काढून काचेवर वाजवला. आईनं मान वर केली नाही. मावशींनी सांगितलं होतं ना. पण पडद्यात मला तिचे डोळे दिसत होते, आणि ते काही टाइप करत नव्हते. चार वाजता कंपनीची मीटिंग होती, म्हणून ती घरी गेली. टेबलावर दारावरच्या बाई बसल्या. त्या नव्या होत्या, पंधराच दिवस झालेले. जाताना आईची पाठ खारूनं काचेतून पाहिली.

दारावरच्या बाईंनी संध्याकाळची यादी छापली. पाच वाजता गोट्याची आत्या आली. उंच, चष्म्याची, फोनवर कुणाशी तरी बोलत. बाईंनी यादी पाहिली, ओळखपत्र पाहिलं, गोट्याला पुढे केलं आणि म्हणाल्या, “आणि ही खारू. तिच्यापुढेही आत्याच आहे.”

आत्या फोन कानाला तसाच ठेवून म्हणाली, “दोघं आहेत का? वहिनी बोलली नाही काही. शेजारची असेल. चल गं बाळा.”

खारू बूट घालायला लागली. दिवसभराचा राग होता तिचा. आई काचेपलीकडे बसून बघत नाही, मग निघूनच जाते, तर आपणही जाऊ कुणाबरोबर तरी. आत्यानं तिचा हात धरला. माझ्या पोटातलं ‘आत्या’ एकाएकी फार जड झालं. इतका वेळ मी मिरवत होते ते हे होतं. मला ओरडावंसं वाटलं, पण मला आवाज असता तर मी आठ महिने गप्प राहिले असते का?

दोघं मुलं पायरीपर्यंत गेली होती. मागून घोगरा आवाज आला. “ही कुठे निघाली?”

“आत्याबरोबर,” दारावरच्या बाई म्हणाल्या. “यादीत आहे. ओळखही पाहिलेली आहे.”

“असेल यादीत.” मावशी येऊन खारूच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. “हिची आई सकाळी मला म्हणाली, साडेपाचला येते. मी कानांनी ऐकलंय. ही नाही जायची.” आणि खारूला उचलून, एक बूट पायात, एक हातात, आत घेऊन गेल्या. आत्याला काहीच वाटलं नाही. “बरं झालं बाई,” म्हणाली आणि गोट्याला घेऊन फोनवर बोलतच गेली.

साडेपाचला खारूची आई आली. दारावरच्या बाई आता फार सावध झाल्या होत्या.

“कुणाला न्यायचंय?”

“अहो, मी. चारपर्यंत इथेच बसले होते. खारूला.”

बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. “तिच्यापुढे आत्या लिहिलंय.”

“कुणाची आत्या? तिला आत्याच नाही.”

“ते मला काय ठाऊक? तुमचं नाव नाही. दारावर नियम लावलाय, वाचा.”

तिनं वाचला. तिचाच नियम, तिच्याच दोन रेघा. “अहो पण हा मीच लिहिलाय.”

“मग तर तुम्हाला माहीतच असेल,” बाई म्हणाल्या. त्यात कुचकेपणा नव्हता.

आवाज ऐकून मावशी खारूला कडेवर घेऊन आल्या. “ही कोण आलीय बघ.” खारूनं एकदा आईकडे पाहिलं, आणि मावशींच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, “मावशी.”

“मूल धावत गेलं तरी द्यायचं नाही असं लिहिलंय,” दारावरच्या बाई म्हणाल्या. “हे तर धावतही नाही.”

खारूची आई मुलांच्या बुटक्या बाकावर बसली. मावशींनी मग तिला आत्याचं सगळं सांगितलं, पायरीपर्यंत. ती ऐकत होती आणि खारूच्या पायांकडे बघत होती. एक बूट अजूनही पायात होता.

मोठ्या बाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “मूल तुमचं आहे हे मला माहीत आहे, त्याचा प्रश्न नाही. पण आज मावशी पायखान्यात असत्या तर? उद्या सकाळच्या आत हे नीट व्हायला पाहिजे. नाही झालं तर ही ‘आज न्यायला कोण’ काढून टाका फॉर्मवरून, मी वही काढते. वहीतलं एका मुलाचं दुसऱ्याला चिकटत नव्हतं.”

काढून टाका. मी बारकीकडे पाहिलं.

“आत्ताच बघते,” खारूची आई म्हणाली, आणि पिशवीतून लॅपटॉप काढून टेबलावर बसली. उन्हं अजून खोलीत होती. तिनं माझ्यात ‘अबक’ लिहिलं, बारकीवर खूण केली, ‘नवीन’ दाबलं, खाली सरकवलं. आम्ही दोघी तशाच. पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग ताईंना फोन लावला.

“ते होय,” सुजलेल्या गालातून ताई म्हणाल्या. “ते रोजच राहतं. मी हाताने पुसते ना.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“मला वाटलं, ते असंच असतं. आणि तुम्ही इतक्या हौसेनं केलेलं. कसं सांगायचं?”

फोन ठेवून ती कपाळाला हात लावून बसली. मग तिनं कोड उघडला आणि फेरीच्या खाली एक नवी ओळ लिहिली. माझं नाव घालून. फक्त माझं. ‘नवीन’ दाबलं की हिलाही पुसायचं.

काय सांगू तुम्हाला. ‘नाव’ला, ‘वय’ला, कुणालाच कोडमध्ये असं नावाने बोलावलेलं नाही. ते सगळे घोळक्यात. मी एकटी, स्वतंत्र ओळीची मानकरी. मी वर ‘नाव’कडे असं पाहिलं की बस.

पण ती थांबली. “‘ओळख पाहिली’चं काय मग,” ती स्वतःशीच म्हणाली. “तिचीही ओळ लिहू? आणि उद्या पेटीत तिसरी टाकली तर? मी तर विसरणारच.” आणि तिनं माझी ओळ खोडून टाकली. माझं मोठेपण जेमतेम एक मिनिट टिकलं.

मावशी शेजारी उभ्या होत्या. खारू त्यांच्या कडेवरून हळूच टेबल बघत होती. “नेमकं अडलंय कुठे?” मावशींनी विचारलं.

“फेरी सगळ्या दारांशी जाते. पण दाराच्या आत आणखी खोली असेल तर आत शिरत नाही. त्या खोलीत आणखी खोली असेल तर मग संपलंच.”

“मग आम्ही करतो तसं करा की.”

“काय करता?”

“बंद करताना. चला दाखवते.” मावशींनी खारूला आईच्या मांडीवर ठेवलं, हात मोकळे हवेत म्हणून, आणि काचेपलीकडे गेल्या. मोठ्या खोलीत बघितलं. खोलीत पुठ्ठ्याचं घर होतं, त्याचं दार उघडून वाकून बघितलं. घरात कापडाचा तंबू होता, त्याचा पडदा वर केला. तंबूत खेळण्यांची टोपली, तिचं झाकण काढलं. दर ठिकाणी तोच प्रश्न, त्याच आवाजात. “कुणी राहिलं का?”

परत येऊन म्हणाल्या, “एकदा एक पोर टोपलीत झोपलं होतं. आम्ही खोली बघितली, रिकामी दिसली, कुलूप लावायला निघालो. तेव्हापासून जिथे दार दिसेल, झाकण दिसेल, तिथे आत डोकावायचं. आत आणखी दार असलं तर तिथेही तेच. नवं काही डोकं लावायचं नाही. मीच आत जाऊन पुन्हा तेच करायचं.”

खारूची आई त्यांच्याकडे बघत राहिली. ती प्रोग्राम शिकलेली होती, हे तिला पुस्तकातून ठाऊक असायला हवं होतं, आणि होतंही. पण ते मावशींच्या तोंडून यावं, हे तिला लागलं. मत्सराचा तो रंग मी ओळखते ना. मग तिनं खुर्ची पुढे ओढली आणि लिहायला घेतलं. त्या कामाला नाव दिलं, ‘कुणी राहिलं का’. प्रत्येकाकडे जायचं. त्याच्या पोटात कुणी असेल तर त्याच्यासाठीही ‘कुणी राहिलं का’.

घाईत तिच्या हातून एक गंमत झाली. ‘तू लिहायची चौकट का’ हा प्रश्नच गळाला. खारूला ‘नवीन’ दाबू दिलं, आणि फेरीनं दिसेल त्याला पुसलं. शीर्षकं गेली, ‘घरी नेणे’ गेलं, खुद्द ‘नवीन’ बटणावरचं ‘नवीन’ही गेलं. अख्खं घराणं नाव-गाव विसरून उभं. खारू खदखदून हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलं हसू.

“पुन्हा,” ती म्हणाली.

“थांब, आधी नीट करू दे,” आई म्हणाली. प्रश्न जागेवर घातला. माझ्यात लिहिलं ‘आत्या’, बारकीवर खूण केली. “आता दाब.”

फेरी निघाली. ‘नाव’, ‘वय’, ‘आईचा फोन’. आजोबांच्या दाराशी आली. तू लिहायची चौकट का? नाही. तुमच्या पोटात कुणी आहे? आजोबांना हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, आहे. ती आत आली. पेटीला विचारलं. आहेत, दोघी. मग माझ्यासमोर उभी राहिली. तू लिहायची चौकट का?

हो, मी म्हटलं.

तिनं पुसलं. झालं. एवढंच होतं ते. बारकी म्हणत होती ते खरंच होतं. ज्याच्यासाठी आठ महिने झुरले, ते म्हणजे रिकामं होणं. पण ‘आत्या’ गेली तेव्हा मला जे हलकं वाटलं, ते सांगायला माझ्याजवळ शब्द नाही. शब्द माझ्यात राहत नाहीत ना आता.

निघताना खारूची आई मावशींना म्हणाली, “तिनं मघाशी तुमचं नाव घेतलं.”

“रागावली होती. तुम्ही काचेपलीकडे बसून बघितलं नाहीत. मीच सांगितलं होतं, चूक माझी.” मावशी खारूच्या पायात दुसरा बूट चढवत होत्या. “आणि एक सांगू? दिवसभर मी भरवते, मी झोपवते. पण साडेपाचला दार वाजलं की ही माझ्या मांडीवरून उठते, ते मागे वळूनही बघत नाही. रोज. तेव्हा तुम्ही मला बघितलं नाहीत कधी.”

खारूच्या आईनं खरंच कधी बघितलं नव्हतं. खारू तिचं बोट धरून पायरीकडे ओढत होती. पायरीवर पोचल्यावर आईनंच तिला थांबवलं आणि म्हणाली, “मावशीला टाटा कर.” खारूनं खिशातून लाल ठोकळा काढून परत केला, मग हात हलवला.

याला दोन वर्षं होतील. मी अजून त्याच जागी आहे, पेटीत, खाली. ताईंना आता हाताने पुसावं लागत नाही. तरी सवयीने त्या एकदा खाली सरकवून बघतात, आणि मी लख्ख दिसले की “अगं बाई” म्हणतात. लुकलुकणारी रेघ अजूनही आधी ‘नाव’कडेच जाते. खोटं कशाला बोलू, सकाळी सकाळी थोडं टोचतं. फॉर्म बनवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. दाराशी आलात तर आत कुणी आहे का विचारा. आतल्याला आवाज नसतो.

परवा एक नवी बाई शिकायला आली. खारूची नोंद करताना तिनं विचारलं, “ताई, ही चौकट रिकामीच ठेवायची? हिच्यात काहीच लिहायचं नाही?”

ताई म्हणाल्या, “नाही. रिकामी आहे म्हणजे आई येणारे.”

‘नाव’नं ऐकलं की नाही, कोण जाणे. मी ऐकलं.